मॅन्युअलमधून गळलेली वाक्यं

बोइंग ७३७ मॅक्स विमानात एमकॅस नावाची यंत्रणा होती. विमानाचं नाक फार वर गेल्याचं एका सेन्सरने कळवलं, की ती आपणहून ते खाली दाबायची. वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये ती कशी चालते हे नव्हतं. ते वगळण्याची बोइंगची विनंती अमेरिकी विमान नियामकाने २०१६ साली मान्य केली होती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दोन विमानं कोसळली, ३४६ माणसं गेली. मूळ दोष रचनेचाच होता. पण पहिल्या अपघातातल्या वैमानिकांना आपण कशाशी झुंजतोय, हे कळायला मार्गच नव्हता.

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचं प्रकरण त्याआधीचं. १९८६ मध्ये टेक्ससमधल्या टायलर गावी पडद्यावर 'मॅलफंक्शन ५४' उमटलं. ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये या आकड्याचा अर्थ दिलेलाच नव्हता. असे संदेश ऊठसूट यायचे, म्हणून ऑपरेटरने उपचार पुढे चालू करण्याची कळ दाबली आणि रुग्णाला पुन्हा किरणांचा मारा बसला.

मॅन्युअलमध्ये काय राहील आणि काय जाईल, हे बहुतेक वेळा लिहिणारा ठरवत नाही. मग वरचा निर्णय पटला नाही, तर टेक्निकल रायटरने करायचं काय?

टूल बदललं, टेम्पलेट बदललं, पीडीएफ बंद केली, तर मत एकदा सांगावं आणि कामाला लागावं. तिथे हट्ट धरला, की खऱ्या प्रसंगी आपलं कोणी ऐकत नाही. खरा प्रसंग साधा दिसतो. रिलीजच्या आदल्या दिवशी मॅनेजर म्हणतो, "तो 'वॉर्निंग' फार भडक वाटतो, 'नोटीस' करून टाका." अमेरिकेच्या झेड५३५ मानकांत या शब्दांचे अर्थ ठरलेले आहेत: 'वॉर्निंग' म्हणजे मृत्यू वा गंभीर इजेची शक्यता, 'कॉशन' म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा, 'नोटीस' म्हणजे इजेशी संबंध नसलेलं नुकसान. त्यामुळे "मला पटत नाही" म्हणण्यापेक्षा "झाकण उघडं असताना पातं फिरतं, बोट जाऊ शकतं, मग ही नोटीस कशी?" असं विचारावं. तेही चहाच्या टपरीवर नको, त्या कामाच्या तिकिटावर लेखी. सोबत पर्यायी वाक्य तयार द्यावं आणि अंतिम होकार कोणाचा, ते नाव तिथेच नोंदवून घ्यावं. लेखी होकार द्यायची वेळ आली, की माणूस ते वाक्य पुन्हा एकदा वाचतो.

निर्णय तरीही विरुद्ध गेला आणि कोणाला इजा होणार नसेल, तर तो मनापासून राबवावा. रागाने अर्धवट लिहिलेल्या पानाचा त्रास मॅनेजरला होत नाही, वाचणाऱ्याला होतो. इजेचा प्रश्न असेल, तर मात्र मॅनेजरला सांगून सुरक्षा आणि कायदा विभागाकडे जावं, आणि त्या वाक्याखाली आपला होकार देऊ नये. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८४ इथे कामाला येतं. वस्तूसोबत योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयी इशारा नसेल आणि त्यातून इजा झाली, तर त्या कलमाने उत्पादक जबाबदार ठरतो. कायदा विभागाला पाठवायच्या मेलमध्ये या कलमाचा उल्लेख पहिल्याच ओळीत असावा.