कावळा, फांदी आणि जीपची थरथर

अंबड तालुक्यातल्या या अंकुशनगरात तर्कशास्त्राचं उदाहरण शोधायला ग्रंथालयात जावं लागत नाही, गॅरेज पुरतं.

आम्ही आमची जुनी जीप पूर्ण खोलून नव्यानं बांधून घेतली. साठच्या वेगाला ती थरथरू लागली. आम्ही म्हटलं, इंजिनाचं काम झालं आणि थरथर आली, म्हणजे दोष इंजिनाचाच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! न्यायशास्त्रात पडताळणीसाठी दोन शब्द आहेत, अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथं कार्य दिसावं. कारण काढलं की कार्यही जावं. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ साली याच वाटेच्या पद्धती मांडल्या.

आता लावून पाहू. गाडी उभी ठेवून इंजिन तेवढंच फिरवलं, थरथर नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर (उसाचे ट्रॅक्टर नसताना, बरं का) साठला गाडी न्यूट्रल केली, इंजिन मंदावलं, थरथर तशीच. म्हणजे इंजिन सुटलं. दोष गाडीच्या वेगाबरोबर फिरणाऱ्या भागात.

मग चाक की प्रोपेलर शाफ्ट? सत्तर सेंटिमीटर व्यासाचं चाक साठच्या वेगाला सेकंदाला साडेसात फेरे घेतं. डिफरेन्शियलचं प्रमाण चारास एक धरलं, तर शाफ्ट तीस. चाकाचा हादरा संथ, बहुधा स्टिअरिंगला जाणवणारा. शाफ्टची थरथर बारीक, बुडाखाली. आमची बुडाखालची होती.

क्रॉसमधून तिरकी जाणारी गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती तफावत भरून काढतो. पण शाफ्टच्या दोन्ही टोकांची बेचकी एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले तरच. आमचा शाफ्ट खोलताना निशाणी केली नव्हती. सरकता जोड चुकीच्या दात्यावर बसला होता. तेवढाच एक बदल केला, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. थरथर गेली. चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर गाडी सुधारली असती, ज्ञान मिळालं नसतं.

एक सांगायचं राहिलं. इंजिन बांधणाऱ्या मुलाला आम्ही चारचौघांत बोललो होतो. चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवून! चारचौघांतच त्याची माफी मागितली. तेव्हा आपण दोष ठेवण्याआधी एवढंच विचारावं : हे काढलं, तर ते जातं का?