तुरट कुठं लागतं?

काका गेली अठरा वर्षं शिराज पिकवतात, पण शिराजची वाइन त्यांनी कधी नीट चाखली नव्हती. दिंडोरी तालुक्यातल्या त्यांच्या बागेतला माल दरवर्षी क्रेटमधून वायनरीत जातो, काटा होतो, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर लिहून घेतात आणि काकांचा त्या द्राक्षाशी संबंध तिथंच संपतो. यंदा खुडा संपला त्या आठवड्यात मी त्यांच्या ओसरीवर सहा बाटल्या मांडल्या. सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर खडूनं आकडे. पिकदाणी म्हणून स्टीलचा एक डबा.

खरं तर बाटल्या सात होत्या. एक उघडल्याबरोबरच बाद केली. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. बुचातून टीसीए नावाचं द्रव्य उतरलं की असं होतं. पिऊन अपाय होत नाही, पण फळाचा वास पार दबून जातो. त्या बाटलीत तसंच झालं होतं.

मार्चमधली दुपार, ओसरीवर चौतीस अंश. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं म्हणतात, ती खोली युरोपातल्या जुन्या घरातली, सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडे तसं केलं तर नाकात आधी अल्कोहोलच चढतं. म्हणून पांढऱ्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात आणि लालही वीस मिनिटं त्याच बादलीत.

पहिल्या दोन्ही पेल्यांत शेनँ ब्लाँ होती. पहिलीचा रंग फिक्या गवतासारखा. घोट घेतल्यावर आधी बोराचा आंबटपणा, मग मधाच्या पोळ्याचं मेण, आणि गिळल्यावर बराच वेळ तोंडात खडूसारखं कोरडं काहीतरी. दुसरी नाकाजवळ नेण्याआधीच पिकल्या पेरूचा वास आला, मागून अननस. दुसरीवर बोट ठेवून काका म्हणाले, “ही आपली.”

“कशावरून?”

“हिचा आंबटपणा लवकर उतरलाय. फेब्रुवारीत रात्री उबायला लागल्या की मण्यातलं आम्ल असंच जळतं. दोन-चार दिवस उशीर झाला की संपलं.”

कागद काढला. दुसरी नाशिकची होती आणि पहिली फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या वूव्रेची. तिथं हे द्राक्ष ऑक्टोबरपर्यंत वेलीवर असतं, थंडीकडे सरकत जाणाऱ्या दिवसांत पिकतं, त्यामुळे आम्ल टिकून राहतं. आपल्याकडे ऑक्टोबरात नेमकी गोडी छाटणी चालू असते. तिथली वेल हिवाळ्यात झोपते. आपली झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून तिच्याकडून एक पीक घ्यावं लागतं. मला वूव्रे जास्त आवडली. काकांना नाशिकची आवडली, आणि ते गावाच्या अभिमानापोटी नव्हतं. वूव्रेचा आंबटपणा त्यांना दाताला लागत होता.

पुढचे तीन पेले शिराजचे. पहिल्यात मला करवंद आणि त्याच्या मागे ताजी कुटलेली काळी मिरी मिळाली, इतकी स्पष्ट की मी पेला काकूंच्या नाकाशी नेला. त्याही “मिरी” म्हणाल्या. काकांना काहीच आलं नाही. पुन्हा हुंगलं, पेला हातात फिरवून पुन्हा हुंगलं. नाही. त्यांचा चेहरा उतरला, तेव्हा मी त्यांना रोटंडोनबद्दल सांगितलं. शिराजमधला मिरीचा वास ज्या रेणूमुळे येतो तो हाच, आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरीतही तोच असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली तो शोधून दाखवला, तेव्हाच हेही आढळलं की दर पाच माणसांत साधारण एकाला तो जाणवतच नाही. त्यामुळे ती वाइन काकांसाठी खरोखरच वेगळी होती. हा पेला फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर भागातल्या क्रोझ-एर्मिताजचा. थंड भागात हा रेणू जास्त तयार होतो.

दुसरा ऑस्ट्रेलियातल्या बरोसाचा. दाट, जांभळाच्या सरबतासारखा, शेवटाला चॉकलेट. मला तो एका घोटानंतर जड झाला. काकांना रस होता तो त्याच्या मुळांत. बरोसात वेलीची मुळं खाणारी फिलॉक्सेरा ही कीड पोचलीच नाही, त्यामुळे १९व्या शतकात लावलेल्या काही वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, हे ऐकून ते थबकले. त्यांची बाग डॉगरीजच्या खुंटावर कलम केलेली आहे. “शंभर वर्षांची वेल,” ते म्हणाले, “आणि फळ देते?”

तिसरा नाशिकचा. पिकलेलं जांभूळ होतंच, पण त्याखाली एक गोडसर, करपट वास होता, ज्याला मला नाव देता येईना. वहीत ती ओळ मी मोकळी ठेवली.

शेवटी बारोलो. इटलीतल्या पिएमोंतेची, नेब्बिओलो द्राक्षाची. रंग विटकरी, इतका फिका की काकांना ती पाणी घातल्यासारखी वाटली. घोट घेतला आणि त्यांचे गाल आत ओढले गेले.

“काका, तुरट कुठं लागतं? जिभेवर?”

त्यांनी डोळे मिटून पुन्हा घोट फिरवला, डब्यात थुंकला. “जिभेवर नाही गं. हिरड्यांना. गालाला आतून. बी चावल्यावर लागतं ना, तिथंच.”

हे मला वाइनच्या कोणत्याही वर्गात इतकं नेमकं कळलं नव्हतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, ओशटपणा जातो आणि तोंडात घर्षण उरतं. आयुर्वेदात कषाय हा सहा रसांपैकी एक, पण तोंडात तो स्पर्शासारखा वागतो. खुड्याआधी काका रोज सकाळी बागेत मणी तोडतात, साल दाढेखाली धरतात, बी फोडतात. बी तपकिरी आणि कुरकुरीत झाली, हिरवा तुरटपणा गेला, की वायनरीला फोन. अठरा वर्षं ते टॅनिनच चाखत आले होते. मग काकूंनी भाजलेले शेंगदाणे आणले आणि त्यांच्याबरोबर बारोलो एकदम मऊ झाली. टॅनिनला धरायला दुसरी प्रथिनं मिळाली होती. रात्रीच्या तिखट रश्श्यासोबत मात्र तीच बाटली आग झाली.

सकाळी पेले तसेच ओसरीवर होते. तळाशी वाळलेले लाल थेंब. काकांनी धुवायला नेताना एकेक हुंगला आणि नाशिकच्या शिराजपाशी थांबले.

“काल तू काय शोधत होतीस? काकवी आहे ही. गुऱ्हाळात काहील उतरवल्यावर तळाला जी लागते ना, ती.”

मी वही आणायला आत गेले.