जिगसॉ पद्धत : प्रत्येकाकडे धड्याचा एक तुकडा

सुरुवात : १९७१, ऑस्टिन (टेक्सास, अमेरिका). वंशानुसार वेगळ्या शाळा बंद होऊन गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली. तणाव वाढला. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत आखली.

वर्गात कसे चालते?
- पाच-सहा मुलांचे मिश्र गट. गट शिक्षक पाडतात, मैत्रीवर सोडत नाहीत.
- धड्याचे तितकेच भाग, प्रत्येकाला एकच. एलिनॉर रूझवेल्ट यांचे चरित्र असेल, तर एकाकडे बालपण, दुसऱ्याकडे त्यांचे नंतरचे कार्य.
- सर्व गटांतील समान भागवाले एकत्र बसतात. हा ‘तज्ज्ञ गट’. चाचरत वाचणाऱ्याची तयारी इथेच होते.
- मूळ गटात परतून प्रत्येक जण आपला भाग इतरांना शिकवतो. उरलेला धडा कळण्याचा दुसरा मार्ग नसल्याने ऐकावेच लागते!
- शेवटी चाचणी, प्रत्येकाची वेगळी.

जिगसॉ-२ : रॉबर्ट स्लाव्हिन यांनी या पद्धतीला दिलेले रूप. यात सगळे पूर्ण धडा वाचतात. गुण गटाचेही मोजतात.

थिंक-पेअर-शेअर : एकत्र शिकण्याची आणखी एक पद्धत. फ्रँक लायमन, १९८१. आधी एकट्याने विचार, मग जोडीदाराशी बोलणे, नंतर वर्गासमोर मांडणी. मोठी तयारी लागत नाही.

भारतात : सगळ्यांनी एकत्र शिकण्याचा विचार इथे कायद्यातही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. या कायद्यानुसार समावेशक शिक्षण म्हणजे दिव्यांग आणि इतर मुलांनी एकत्र शिकणे, आणि त्यासाठी अध्यापनात योग्य बदल करणे. नुसता प्रवेश त्यात बसत नाही.