आईची वही आणि तिचा अर्धा तास

पोळ्या लाटता लाटता डोक्यात एक छान वाक्य येतं. काल रात्री लेक काय बोलली, ते आठवून आपलं आपल्यालाच हसू येतं आणि वाटतं, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी होते. डबे भरायचे असतात, रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असतात आणि सव्वानऊची एस.टी. चुकवून चालणार नसतं. रात्री ओटा आवरून टेकावं, तर ते वाक्य कधीच निसटून गेलेलं असतं.

शाळेत शिकवणारी असो, बँकेत काउंटरवर बसणारी असो, अंगणवाडी सेविका असो की घरीच शिलाई मशीन चालवणारी असो, मुलांविषयी सांगण्यासारखं प्रत्येकीकडे भरपूर असतं. पण "अगं, मग लिही ना" असं म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं, "मला कुठला वेळ?" आणि त्यामागे न बोललेला आणखी एक प्रश्न असतो, "मी लिहिण्यात एवढं काय असणार?"

आधी हा दुसरा प्रश्न घेऊ. दिवसभर आपण मुलांशी जे बोलतो, त्यातलं बरंचसं हुकूम असतात. ऊठ, आवर, खा, अभ्यासाला बस, टीव्ही बंद कर. हुकूम देताना मुलाकडे नीट बघायची गरज पडत नाही. लिहायचं म्हटलं, की मात्र बघावंच लागतं. समजा, मुलगा रोज सकाळी शाळेत जाताना रडतो. आपण म्हणतो, "शाळेचा कंटाळाच आहे मेल्याला!" पण तीन आठवडे रोज दोन ओळी लिहिल्या आणि मग सलग वाचल्या, तर दिसतं, की तो रोज रडतच नाही. ज्या दिवशी कवायत असते, त्याच दिवशी रडतो. म्हणजे भीती शाळेची नाही, कवायतीच्या तासाची आहे. मग समजूत घालायची की शाळेत जाऊन बोलायचं, हे ठरवता येतं. धावपळीत आपल्याला फक्त रडणं ऐकू येतं. कारण सापडतं ते वहीत.

मुलांकडे असं बघणं हाच ज्यांनी आपल्या कामाचा पाया मानला, त्या ताराबाई मोडक या बाबतीत हटकून आठवतात. जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळात संसार मोडला, तेव्हा पदरात लहान मुलगी होती. राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाची चांगली नोकरी त्यांनी केली आणि पुढे ती सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात पडल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मूल, नोकरी आणि काम सांभाळत ताराबाई लिहीतही राहिल्या. 'शिक्षणपत्रिका' या मासिकाचं संपादन त्यांनी केलं आणि मुलांना कसं वाढवावं, हे पालकांना समजेल अशा भाषेत सांगितलं.

पुढे १९४५ मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडच्या टेकडीवर. सोबतीला अनुताई वाघ होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात. दुसरं कोणी असतं तर "यांना शिकायचंच नाही" म्हणून मोकळं झालं असतं. या दोघींनी नीट पाहिलं, तेव्हा दिसलं की मुलं धाकट्या भावंडांना सांभाळतात, गुरं राखतात. मग शाळाच मुलांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. आणि गुरांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. आज गावोगावी आपण 'अंगणवाडी' म्हणतो, त्या शब्दामागे मुलांकडे लक्ष देऊन बघणाऱ्या या बायका आहेत. आपण काही संस्था काढायला निघालेलो नाही; पण मुलाला दोष देण्याआधी त्याच्याकडे बघायचं, ही सवय आपल्या स्वयंपाकघरातही लागू शकते.

आता पहिला प्रश्न, वेळेचा. तो खोटा नाही, हे आधी कबूल करायला हवं. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर एक पाहणी केली, कोणाचा दिवस कशात जातो याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. शिवाय मुळात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष अवघे २६. मुलं, आजारी माणसं, म्हातारी माणसं यांचं करण्यात बायकांची १३४ मिनिटं जात होती, तर पुरुषांची ७६. घरात जवळजवळ पाच तास राबून वर नोकरी करणाऱ्या बाईला "वेळेचं नियोजन कर" असं सांगणं म्हणजे चेष्टाच झाली.

म्हणून बहुतेक जणी काय करतात? झोप मोडतात. पहाटे साडेचारला उठतात, नाहीतर सगळे झोपल्यावर दिवा लावून बसतात. चार दिवस हे जमतं. पाचव्या दिवशी डोकं दुखतं, मुलावर हात उठतो आणि वही कपाटात जाते. झोपेतून काढलेला वेळ टिकत नाही, मैत्रिणींनो. तो कामातून काढावा लागतो आणि त्यासाठी घरात तोंड उघडून मागावा लागतो.

मागताना मोघम मागू नये. "मला जरा मदत करत जा" म्हटलं, की सगळे मान डोलावतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतात. त्यापेक्षा सरळ सांगावं, "मंगळवारी आणि शनिवारी रात्री जेवणानंतरची मागची आवराआवर अहो, तुमच्याकडे. त्या वेळात मी लिहिणार." दहा वर्षांचा मुलगा पाणी भरून ठेवू शकतो, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू शकतो. मुलगी करते म्हणून तिच्यावरच सगळं टाकायचं नाही, एवढं बघावं. सासूबाईंना वाटेल, हे काय नवीन खूळ? त्यांना एकदा विचारा, "आई, ह्यांना दात येताना तुम्ही काय करत होता?" त्या सांगतील ते त्यांच्या देखत लिहून घ्या. आपण सांगितलेलं कोणी लिहून घेतंय, हे पाहिलं की म्हातारी माणसं खुलतात. मग वहीला त्यांचाही विरोध उरत नाही. उलट, "आज लिहायचं नाही का गं?" असं त्याच विचारतील.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. वही आईची असली, तरी तिच्यातली गोष्ट मुलाची असते. वहीत काहीही लिहावं; पण त्यातलं चार लोकांना वाचून दाखवताना, पुरवणीला किंवा दिवाळी अंकाला पाठवताना जरा थांबावं. अंथरूण ओलं करणं, परीक्षेतले मार्क, मुलीची पहिली पाळी, वयात येणाऱ्या मुलाने रडत सांगितलेलं गुपित, हे छापायचं नसतं. आपलं गाव लहान असतं. नाव बदललं, तरी "अमक्या बाईंचा मुलगा" हे वर्गातल्या पोरांना बरोबर कळतं. हेच उद्या पंधराव्या वर्षी त्याने वाचलं तर मान खाली जाईल का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलाला तर सरळ विचारावं, "हे मी लिहू का?" आणि तो नको म्हणाला, तर खरोखर लिहू नये.

सुरुवात साधी करावी. शंभर पानी वही, वर तारीख आणि दोन ओळी. मूल काय म्हणालं, ते त्याच्याच शब्दांत. शुद्धलेखनाची काळजी नको. एस.टी.त सुचलं, तर तिकिटाच्या मागे लिहावं किंवा मोबाइलमध्ये बोलून ठेवावं. चांगलं-चांगलंच लिहायचं, असं तर मुळीच नाही. राग आला, थकवा आला, नोकरी सोडावीशी वाटली, तेही लिहावं. महिन्यातून एकदा सगळं सलग वाचावं. त्या वाचनात मूल जेवढं दिसतं, तेवढीच आपणही दिसतो. आपण किती करतो, कुठे थकतो आणि त्यातलं काय दुसऱ्याला देता येण्यासारखं आहे, हे काळ्यावर पांढरं होतं. पुढच्या मंगळवारचा अर्धा तास मागताना मग आवाज आपोआप थोडा पक्का लागतो.