अर्धी झोप, उडती झोप, चार सेकंदांची झोप

झोपलेला प्राणी म्हणजे शिकाऱ्यासाठी आयतं सावज. डोळे मिटलेले, कान मंद, अंग सैल. इतका धोका असूनही, शास्त्रज्ञांनी बारकाईने तपासलेल्या प्राण्यांमध्ये झोप पूर्णपणे टाकून दिल्याचा पक्का दाखला मिळालेला नाही. जिथे निवांत झोपणं परवडत नाही, तिथे प्राण्यांनी झोपेची घडणच बदलली. कुणी ती अर्धी केली, कुणी तिचे तुकडे केले, कुणी ती जमिनीवर परतेपर्यंत लांबवली. प्राण्यांच्या झोपेत मला सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

अर्धा मेंदू जागा

आपला श्वास झोपेतही आपोआप चालू राहतो. डॉल्फिनला मात्र प्रत्येक श्वासासाठी पाण्यावर यावं लागतं आणि श्वास जाणूनबुजून घ्यावा लागतो. पूर्ण बेसावध झोपला तर त्याचा जीवच जाईल. १९७०च्या दशकात मॉस्कोतील लेव मुखामेतोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉल्फिनच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या, तेव्हा यातली युक्ती कळली. मेंदूचा एक गोलार्ध गाढ झोपेत असताना दुसरा जागा असतो, आणि काही वेळाने पाळी बदलते. झोपेत बहुधा एक डोळा उघडाच असतो.

पक्ष्यांनाही ही विद्या येते. निल्स रॅटेनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली रानबदकांवरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बदकं ओळीने झोपवली. मधली बदकं बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपली. टोकाच्या बदकांनी मात्र एक डोळा उघडा ठेवून झोपण्याचं प्रमाण वाढवलं, आणि तो डोळा थव्याकडचा नव्हता, बाहेरच्या मोकळ्या बाजूचा होता.

आभाळातली झोप

फ्रिगेट पक्षी समुद्रावर दिवसचे दिवस उडत राहतो, पण त्याची पिसं पाण्यात टिकाव धरणारी नसल्यामुळे त्याला लाटांवर टेकता येत नाही. मग तो झोपतो कधी? रॅटेनबोर्ग यांच्याच गटाने गॅलापॅगोस बेटांवरील फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर छोटी नोंदयंत्रं बसवली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या नोंदींनुसार ते उडताना खरोखर झोपतात. अंधार पडल्यावर, वर चढणाऱ्या हवेच्या प्रवाहात घिरट्या घालताना त्यांच्या छोट्या छोट्या डुलक्या होतात. बऱ्याचदा अर्धाच मेंदू झोपतो आणि ज्या बाजूला वळायचं, त्या बाजूचा डोळा उघडा राहतो. कधी कधी मात्र दोन्ही गोलार्ध एकदम झोपतात आणि तरीही पक्षी कोसळत नाही.

या सगळ्या डुलक्यांची बेरीज दिवसाला सरासरी ४२ मिनिटं भरते. हाच पक्षी बेटावर परतला की दिवसाचे १२ तासांहून जास्त झोपतो.

झोपेचे तुकडे

अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर चिनस्ट्रॅप पेंग्विनांच्या दाट वसाहती आहेत. नर-मादीपैकी एक जण समुद्रावर गेला की दुसऱ्याला अंडी सांभाळावी लागतात. वर स्कुआ पक्षी टपलेला, आजूबाजूला शेजाऱ्यांचा गोंगाट आणि टोचाटोची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की हे पेंग्विन दिवसाला १०,००० हून अधिक डुलक्या घेतात. एकेक डुलकी सरासरी चार सेकंदांची, पण एकूण झोप ११ तासांच्या वर.

याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे. वसाहतीच्या कडेला, म्हणजे स्कुआच्या सहज तावडीत असलेल्या पेंग्विनांची झोप मधल्या पेंग्विनांपेक्षा अधिक सलग आणि गाढ होती. बदकांच्या अगदी उलट! म्हणजे इथे झोपमोड करणारा मोठा उपद्रव शत्रूचा नसून शेजाऱ्यांचा असावा. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण कडेची जागा म्हणजे धोका हे गणित सगळीकडे लागू पडत नाही, हे त्यातून कळतं.

खोल पाण्यात गिरक्या

उत्तरेकडचा एलिफंट सील वर्षातले सुमारे सात महिने समुद्रात काढतो. तिथे शार्क आणि किलर व्हेल असतात ते मुख्यतः वरच्या पाण्यात. म्हणून हा सील शेकडो मीटर खोल सूर मारतो आणि तिथे झोपतो. जेसिका केंडल-बार आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली कॅलिफोर्नियातील माद्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. झोप लागली की सील आधी संथपणे खाली सरकतो. मग स्वप्नझोपेत स्नायू सैल पडतात, शरीर उताणं होतं आणि झाडावरून गळणाऱ्या पानासारखं गिरक्या घेत खाली जाऊ लागतं. प्रत्येक झोप २० मिनिटांच्या आतली, दिवसाची एकूण जेमतेम दोन तास. किनाऱ्यावर आल्यावर हेच सील दिवसाला दहा तासांहून अधिक झोपतात.

उभ्याने आणि उलटं

घोडा उभ्याने झोपतो हे खरं, पण अर्धंच. पायांतील कंडरांच्या रचनेमुळे सांधे जागच्या जागी अडकतात आणि फारशी ताकद न लावता त्याला उभ्याने डुलकी काढता येते. स्वप्नझोपेत स्नायू सैल पडत असल्याने तेवढ्यासाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. बसायला सुरक्षित जागा मिळाली नाही, तर दिवसांमागून दिवस साचलेल्या झोपेने घोडा उभ्याउभ्या गुडघ्यांवर कोलमडू शकतो. वटवाघळाच्या पायातही अशीच सोय असते. शरीराच्या वजनानेच बोटांची पकड आवळली जाते, त्यामुळे ते झोपेत सुटून पडत नाही.

मेंदू नसलेल्याची झोप

कॅसिओपिया ही जेलीफिश उथळ समुद्राच्या तळाशी उताणी पडून असते. तिला मेंदू नाही, फक्त मज्जातंतूंचं विरळ जाळं आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की दिवसा मिनिटाला सुमारे ५८ वेळा आकसणारी ही जेलीफिश रात्री सुमारे ३९ वेळाच आकसते. रात्री तळापासून वर उचलून मोकळं सोडलं, तर पोहत खाली जायला ती दिवसापेक्षा जास्त वेळ लावते. संशोधकांनी रात्री अधूनमधून पाण्याचे झोत सोडून तिला जागंही ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली, आणि ही कसर भरून निघाल्यावर ती पूर्ववत झाली.