तिथीची पाऊणपट

बाय, तुझा तो नायगारा चालतो, हे ठाऊक आहे का तुला?

होळीला टोरांटोहून आलीस तेव्हापासून ऐकतोय मी. सीएन टॉवर ५५३ मीटर उंच, फेरीबोटीनं बेटांवर जायचं, गाडी काढली की दीड-दोन तासांत धबधबा. आणि चुलतभावाला विचारलंस, तुमच्या घोडपदेवात बघण्यासारखं काय आहे? तो बिचारा गप्प बसला. बसा दोघं इथं. आधी तुझ्या गावाचं सांगतो, मग आपल्याकडे येऊ.

नायगारा नदी ज्या खडकावरून उडी घेते त्याचे थर आहेत. वरचा थर कठीण, चुनखडीच्या जातीचा. खाली शेल नावाचा मऊ दगड, पाण्यानं सुटत जाणारा. पायथ्याशी उसळणारं पाणी हा मऊ थर खात खात आत शिरतं. वरचा कठीण दगड मग अधांतरी राहतो आणि एक दिवस आपल्याच वजनानं कोसळतो. तो कोसळला की धबधबा तेवढा मागे सरकला. हिमयुग सरत होतं तेव्हा, म्हणजे सुमारे १२,००० वर्षांपूर्वी, हा धबधबा क्वीनस्टन नावाच्या गावापाशी होता. आज तो तिथून ११ किलोमीटर मागे आहे. हल्ली त्याची चाल मंदावलीय, कारण पुष्कळसं पाणी वरच्या वर वीज करायला वळवतात. १९५० साली कॅनडा आणि अमेरिकेनं करारच केला की पर्यटकांच्या हंगामात दिवसा सेकंदाला निदान २,८३२ घनमीटर पाणी कड्यावरून पडलं पाहिजे. रात्री निम्मं पडलं तरी चालेल. १९६९ साली तर अमेरिकेच्या बाजूचा धबधबा बांध घालून काही महिने बंद केला होता, दगड कसा झिजतो ते तपासायला. तेव्हा कोरडा कडा बघायलाही माणसं लोटली. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं. पाणी नसताना तिथं काय असतं, हे बघावंसं वाटलं त्यांना.

आणि तुझी ती बेटं. ती मुळात बेटं नव्हतीच. पूर्वेला स्कारबरोचे कडे आहेत ना, ते लाटांनी झिजतात. त्यांची वाळू ओंटारिओ सरोवराच्या प्रवाहानं पश्चिमेकडे वाहत आली आणि तिची लांब पट्टी झाली, जमिनीला चिकटलेली. लोक तिच्यावरून पायी आणि घोड्यावरून जात. १८५८ साली मोठं वादळ झालं, लाटांनी ती पट्टी फोडली, आणि टोरांटोला बेटं मिळाली. तेव्हापासून तुम्हाला फेरीबोट लागते.

म्हणजे बघ, ज्या जागा बघायला आपण जातो त्या हलत असतात. त्या थांबल्यासारख्या दिसतात, कारण आपण थोडेच दिवस बघतो. घोडपदेवचंही तसंच आहे.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस वाहिला. तो थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, असं लाखो वर्षं चाललं. सह्याद्री त्याचाच, रायगड त्याचाच, अंधेरीचा गिल्बर्ट हिल त्याचाच. दोन उद्रेकांच्या मध्ये मोठी विश्रांती पडली की खळग्यांत पाणी साचे, तळी होत, त्यांत जीव येत. वरळीच्या टेकडीत अशाच एका तळ्याचा गाळ दगड होऊन सापडला, आणि त्या दगडात बेडूक. खरे बेडूक, हाडांसकट, लहानगे. १८४७ साली लंडनच्या रिचर्ड ओवेननं त्यांचं शास्त्रीय वर्णन लिहिलं. ‘डायनोसॉर’ हा शब्द दिला तोच हा ओवेन. वरळी इथून बसनं कितीशी लांब? आजूबाजूला आग ओकणारी जमीन, आणि मध्ये एका तळ्यात डराव डराव चाललेलं. मला हे आठवलं की झोप लागत नाही.

पण त्याहून आपल्या जवळची गोष्ट गोदीची. माझी सगळी नोकरी गोदीत गेली, म्हणून ती मला जास्त प्यारी. माझगावच्या पलीकडे प्रिन्सेस डॉक होती, १८८० साली सुरू झालेली. आता ती बुजवलीय, पण तिचं खोदकाम चाललं होतं तेव्हाची ही गोष्ट. मजूर चिखल उपसत खाली खाली जात होते. समुद्राच्या पातळीच्या बरंच खाली गेल्यावर पहारीला लाकूड लागलं. बुडालेल्या होडीचं असेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण बाजूला दुसरं खोड निघालं, मग तिसरं, मग चौथं. ३०० हून जास्त झाडं निघाली. काही आडवी पडलेली, पण कितीतरी उभी, मुळं जमिनीत रोवलेली. जागच्या जागी उभं असलेलं अख्खं जंगल, आणि त्याच्यावर कित्येक फूट समुद्राचा गाळ.

झाडं कसली होती माहीत आहे? खैर. कात ज्याच्या लाकडापासून काढतात तो खैर, आजी पानाला लावते तो कात. आता डोकं चालवा दोघांनी. खैर खाऱ्या पाण्यात उगवतो का? तिवरं उगवतात, खैर नाही. त्याला कोरडी जमीन लागते. म्हणजे जिथं पुढे बोटी उभ्या राहिल्या, तिथं कधीकाळी रान होतं, आणि समुद्र त्याच्या पलीकडे होता. मग एकतर जमीन खचली, नाहीतर पाणी चढलं. बंदराच्या या बाजूची जमीन खाली गेली, असं भूशास्त्राच्या लोकांनी त्या झाडांवरून ताडलं. आणि लाकूड कुजलं कसं नाही? घट्ट गाळात हवा शिरत नाही. हवा नाही तर लाकूड कुजवणारे बहुतेक जीव जगत नाहीत. चिखलानं ते जंगल गिळलं, आणि चिखलानंच ते सांभाळलं. पुढे अलेक्झांड्रा डॉक खणली, जिला आपण आता इंदिरा डॉक म्हणतो, तेव्हाही अशीच झाडं लागली.

मी त्या भागात पाळीला जायचो तेव्हा पायाखाली हे होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. पुष्कळ उशिरा वाचलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

राणीची बाग जवळ आहे, तिथं पेंग्विन बघून घे. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याचे हम्बोल्ट पेंग्विन, २०१६ साली सोलहून आणलेले. छानच आहेत. पण ते काचेआड, गार केलेल्या खोलीत. मला तुला दाखवायचेत ते स्वतःच्या पंखांनी येणारे पाहुणे.

कॉटन ग्रीनच्या पुढचं स्टेशन शिवडी. उतरून पूर्वेला गोदामांच्या रस्त्यानं चालत गेलं की जेटी लागते. ओहोटी असली की समोर नुसता चिखल, लांबवर, करडा, चकाकणारा. आणि त्या चिखलावर गुलाबी पट्टा. नीट बघितलं की पट्टा हलतो. ते रोहित पक्षी, फ्लेमिंगो. अग्निपंखही म्हणतात. १९९४ च्या सुमारास ते इथं मोठ्या संख्येनं दिसायला लागले. पुष्कळसे कच्छच्या रणाकडून येतात, पावसाळ्याच्या तोंडाशी परत जातात. त्यांच्यात दोन जाती आहेत. मोठा रोहित उंच, चोच गुलाबी आणि टोक काळं. छोटा रोहित बुटका, चोच गडद, लांबून काळीच वाटते. आपल्याकडे छोटेच जास्त.

आता या छोट्या रोहिताचं जेवण बघा. मान खाली घालतो आणि डोकं उलटं करतो. वरची चोच जमिनीकडे, खालची आभाळाकडे. चोच मध्येच वाकलेली का, ते तेव्हा कळतं. जीभ मागे ओढली की पाणी तोंडात, पुढे ढकलली की बाहेर, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा. चोचीच्या आत कडेनं बारीक पट्ट्यांची दाट रांग असते. आजीच्या गाळणीत चहाची पावडर अडकते तसं त्या पट्ट्यांत शैवाल अडकतं आणि पाणी निघून जातं. निळं-हिरवं शैवाल, डोळ्यांना न दिसणारं. त्यावर एवढा मोठा पक्षी जगतो.

आणि गुलाबी कशानं? त्याच शैवालानं. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या कुळातली द्रव्यं त्यात असतात. ती पिसांत उतरतात. पिल्लू जन्मतं तेव्हा करडं-पांढरं असतं, चोचही सरळ. आई आणि बाप दोघंही त्याला घशातल्या पिशवीत तयार होणारं लालसर दूध पाजतात, आणि पाजता पाजता त्यांचा स्वतःचा रंग फिका पडत जातो. पोराला रंग यायला मात्र काही वर्षं लागतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तुझ्या आजीला बोलावून सांगितलं होतं.

एक पाय वर घेऊन का उभा राहतो, हा तुझा प्रश्न येणारच. २०१७ साली अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी ते शोधलं. एका पायावर उभं असताना त्याचे सांधे असे बसतात की शरीराचा भार आपोआप पेलला जातो, स्नायूंना जवळजवळ काही करावं लागत नाही. मेलेल्या पक्ष्याचं शरीरही एका पायावर तोललं जातं, दोन पायांवर नाही. आणि तुला उलटा वाकणारा गुडघा दिसेल ना, तो गुडघा नाहीच. तो घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो.

एक मात्र खरं सांगायला हवं. या चिखलात शैवाल एवढं फोफावतं त्यात शहराच्या सांडपाण्याचाही हात आहे, असं अभ्यासक म्हणतात. म्हणून घाण सोडत राहावी असं नाही. थोडी पोषक द्रव्यं वेगळी आणि विष वेगळं. २०१५ साली ठाण्याच्या खाडीचा भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला, २०२२ साली त्याला पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळालं. ते अभयारण्य खाडीत आणखी वर आहे. शिवडीच्या चिखलावरून २०२४ च्या जानेवारीपासून अटल सेतू धावतोय. पूल झाला, पाखरं काही जागा बदलून बसतात, पण येतात. ती यायची थांबू नयेत, एवढं माझं मागणं आहे.

जायचं कधी, हे महत्त्वाचं. भरती पूर्ण असली की चिखल पाण्याखाली आणि पाखरं दुसरीकडे. ओहोटी पूर्ण असली की ती आत दूर जातात, ठिपके दिसतात. मधली वेळ साधायची. आमच्या वेळी मोबाईल नव्हते, पण भाऊच्या धक्क्यावरच्या तांडेलानं मला हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, म्हणून हे जमतं. दिवसातून दोनदा भरती, साधारण साडेबारा तासांच्या अंतरानं. थोडं पुढेमागे होतं, पण बोट लावायला तेवढं पुरे.

चल, आता तूच कर. परवा रंगपंचमी. पाचाची पाऊणपट?

पावणेचार, बरोबर. म्हणजे पावणेचारला पाणी भरलेलं, आणि साडेपाचच्या पुढे कडेचा चिखल उघडा पडायला लागेल. पाखरं आधी तिथंच उतरतील, जेटीच्या जवळ. सूर्य तेव्हा आपल्या पाठीशी असेल, रंग स्वच्छ दिसेल. पाच वाजता निघू. टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या, रंग खेळून झालं की अंघोळ करून चांगले कपडे घाला आणि तिथं आरडाओरडा करायचा नाही. करडे किती आणि गुलाबी किती, ते दोघांनी वेगवेगळं मोजायचं, मग आकडे ताडून बघू.