गोळा पोटात, उपाय अंगावर

देवणी आणि लालकंधारी गुरांच्या या देगलूर-उदगीर पट्ट्यात केसांचा गोळा जनावरांच्या डॉक्टरांना नवा नाही. दुधावरची वासरं एकमेकांचं अंग चाटतात आणि पोटात घोळून घोळून केसांचा गुळगुळीत, गोल गोळा तयार होतो. मांजराच्या गोळ्याला मात्र गोळा म्हणायचं ते नावापुरतंच. तो बोटासारखा लांबट, ओलसर, पिवळट पाण्यात पडलेला असतो आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती विष्ठाच वाटते. पोटात असतो तो नुसता गुंता. अन्ननलिकेतून वर येताना दाबला जातो आणि त्याला हा आकार येतो.

केस मुळात पोटात जातात कसे? मांजराची जीभ हाताला खरखरीत लागते, कारण तिच्यावर घशाकडे वळलेले शेकडो काटे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की हे काटे टोकाशी पोकळ असतात आणि लाळ थेट कातड्यापर्यंत पोहोचवतात. अंग साफ करायला उत्तम, पण अडकलेला केस थुंकायची सोय नाही. तो गिळावाच लागतो. केस पचत नाही. बहुतेक केस निमूटपणे विष्ठेवाटे निघून जातात, राहिलेल्यांचा गुंता होतो.

‘मांजर म्हटलं की ओकणारच’, हे सगळ्यात पसरलेलं मत, आणि माझ्या मते सगळ्यात नुकसान करणारंही. ब्रिटनमधल्या एका पाहणीत आखूड केसांच्या मांजरांपैकी साधारण दहातल्या एकालाच वर्षात दोन किंवा अधिक गोळे पडत होते. लांब केसांच्या मांजरांत हे प्रमाण जवळपास दुप्पट होतं. म्हणजे देगलूरच्या मोंढ्यात उंदरांवर पोसलेल्या बोक्याला सहसा हा त्रास नसतो, हैदराबादेहून हौसेनं आणलेल्या पर्शियनला असू शकतो. पण साधं गावठी मांजर दर आठवड्याला केस ओकत असेल तर दोष केसांचा नाही. एक तर ते गरजेपेक्षा जास्त चाटतंय, नाहीतर पोटा-आतड्याचं काही बिघडलंय.

जास्त चाटण्यामागे बहुधा पिसवा असतात. शेपटीच्या मुळाशी केस उलटे फिरवून पाहा, काळे बारीक कण दिसतील. ते ओल्या कापसावर चिरडा. तांबूस डाग पडला तर ती पिसवांची घाण आहे. इथेच एक मोठा धोका आहे. शेतकऱ्याच्या घरात गोचिडाचं औषध असतंच, डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचं. गाईला चालतं म्हणून तेच मांजराला लावलं जातं. मांजराच्या यकृताला ही औषधं नीट निकामी करता येत नाहीत. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याच्या पिसवांच्या औषधातही बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, तेही नको. पिसवांचं औषध मांजराचंच हवं, आणि वजन करून.

‘चमचाभर तेल पाजा, गोळा घसरून पडेल.’ एरंडेल, खोबरेल, तूप, जे हाताशी असेल ते पाजलं जातं. खाद्यतेल आणि तूप वाटेतच पचतं, ते केसांपर्यंत वंगण म्हणून पोहोचणार कसं? पातळ पॅराफिन पचत नाही, पण त्याला चव नाही, वास नाही. जबरदस्तीनं तोंडात ओतलं तर मांजराला ठसकासुद्धा लागत नाही आणि ते सरळ फुप्फुसात उतरतं. दुकानात मिळणारी हेअरबॉलची पेस्ट मांजर स्वतःहून चाटत असेल तर चालेल, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. दुधानं तर गोळा हलत नाहीच. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, हगवण मात्र लागते.

‘गवत खातंय म्हणजे पोटात गोळा झालाय.’ अमेरिकेत हजाराहून जास्त मांजरपाळ्यांना विचारलं, तेव्हा गवत खाल्ल्यावर वारंवार ओकणारी मांजरं साधारण चौथा हिस्साच निघाली, आणि लांब केसांची मांजरं जास्त गवत खातात असंही दिसलं नाही. खाऊ द्या. फक्त फवारणी झालेल्या बांधावरचं नको.

आता ढास. मांजर जमिनीशी दबून बसतं, मान पुढं ताणतं, खोकतं, शेवटी काहीतरी गिळतं आणि उठून जातं. घरचे म्हणतात, गोळा अडकलाय. ओकताना पोट जोरात आत-बाहेर होतं आणि बहुधा काहीतरी बाहेर पडतं. नुसतीच ढास असेल, पडत काहीच नसेल, तर तो दमा असू शकतो. धूप, अगरबत्ती, धान्याची धूळ यांनी तो वाढतो. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा, वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त. (‘मांजराचा केस पोटात गेला की माणसाला दमा होतो’ ही मात्र अफवाच. माणसाला ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची.)

खरा उपाय कंगवा. लांब केसांच्या मांजराला रोज, आखूड केसांच्याला आठवड्यातून एक-दोनदा. केस जास्त गळत असतील त्या दिवसांत आखूड केसांच्यालाही वरचेवर. मांजर पेंगत असताना मानेपासून सुरुवात करा, केसांच्या दिशेनं जा. पोट आणि काखा शेवटी, कारण गाठी तिथंच होतात. गाठ ओढू नका, कात्रीही लावू नका, कातडं पातळ असतं, बोटांनी सोडवा. कंगव्यात आलेला प्रत्येक केस पोटात जायचा वाचला. आहारात तंतू वाढवल्यावर लांब केसांच्या मांजरांच्या विष्ठेतून जास्त केस गेल्याचं एका प्रयोगात दिसलं, आखूड केसांच्यांत फरक पडला नाही. तेव्हा इसबगोल द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, भरपूर पाण्यासोबत.

मांजर वारंवार उबळ काढतंय पण पडत काहीच नाही, दिवसभर खाल्लं नाही, शी झाली नाही, कोपऱ्यात पडून आहे, अशा वेळी घरगुती उपाय थांबवा. गावातला दवाखाना गुराढोरांचा असला तरी आधी तिथं दाखवा. पुढं तपासण्या किंवा शस्त्रक्रिया लागली तर उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि अडथळा केसांचाच असेल असं धरून चालू नका. शिवणाचा दोरा, संक्रांतीनंतर गच्चीवर उरलेला मांजा हेही मांजर गिळतं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर दोरा ताणला जाऊन आतडं चिरतं. टोक आहे तसं राहू द्या आणि मांजराला घेऊन लगेच निघा.